डावं वळण

४ जानेवारी

खटपट्या,

पेपरात तुझा फोटो आला. लाकडी चौकटीत भंगारातली मोटारीची सीट, समोर तीन जुने टीव्ही, आणि खेळण्यातलं असावं तसं स्टिअरिंग. बाजूला तू उभा, हाताची घडी घालून, जणू विमानच बनवलंयस. खाली लिहिलंय, ‘स्वस्तातला सिम्युलेटर, रस्त्यावर जाण्याआधी रस्ता शिकवणारा’.

वाचून मी पेपर घडी घालून रद्दीत ठेवला. संध्याकाळी क्लासवर गेले तर बाबांनी तेच पान कात्रीने नीट कापून आपल्या परवान्याच्या फ्रेमशेजारी काचेवर चिकटवलेलं. सहा वर्षं या माणसाने तुझं नाव काढलेलं नाही. जेवताना कोणी चुकून काढलंच तर ताट घेऊन उठायचे. आणि आता येणाऱ्या प्रत्येक शिकाऊला थांबवून सांगतायत, “हा माझा धाकटा.” मी मात्र ज्या खुर्चीत बसून नोंदी करते, ती त्या कात्रणाच्या बरोबर खाली आहे. म्हणजे येणारा आधी तुला बघतो, मग मला.

बावीस वर्षं झाली मला शिकवायला. दोन हजारांच्या वर माणसं माझ्या शेजारी बसून गाडी शिकून गेली. माझा फोटो कुठल्या पेपरात आला नाही. यावा असं म्हणत नाही, नुसतं सांगते.

आणि तुला खरं सांगू का, गाडी शिकायची ती गाडीतच. क्लच सोडताना पायाखाली इंजिन थरथरतं, मागचा ट्रक हॉर्न मारतो, कपाळाला घाम येतो, त्याला शिकणं म्हणतात. टीव्हीसमोर बसून कोणी पोहायला शिकतं का? ठोकलं तरी पुन्हा सुरू करायचं, अशी सवय लागली तर माणूस खऱ्या रस्त्यावरही तेच करेल.

असो. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मी मोठी आहे, मी पुढाकार घ्यायला हवा. त्या वेळी ब्रेकचं जे झालं ते झालं. तुझ्या हातून चूक झाली, माणसाच्या हातून होते. माझ्या मनात आता काही नाही, एवढंच कळवायचं होतं.

तुझी ताई


१९ जानेवारी

खटपट्या,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

इकडे या पंधरा दिवसांत तिघांनी विचारलं, “मॅडम, आधी सिम्युलेटरवर बसवता का?” एक तर पहिला धडा अर्धा टाकून गेला. परवाना ऑफिसातही तुझंच कौतुक. त्यांनी तुझी दोन यंत्रं घेतली म्हणे, आणि पत्रक काढलंय, नव्या शिकाऊंनी रस्त्यावर येण्याआधी दहा तास त्यावर बसावं. तिथला कारकून, जो बावीस वर्षांत मला ‘बसा’ म्हणाला नाही, तो उठून उभा राहिला. मला वाटलं माझ्या मागे साहेब आलेत. तर म्हणतो, “तुम्ही त्यांच्या भगिनी ना?”

त्यांच्या भगिनी! तुझं नाक मी पुसायचे रे. सायकलवर तोल कसा धरायचा ते मी शिकवलं तुला, मागून सीट धरून धावत.

पण हे सगळं मी गिळलं असतं. ठकीचं मात्र तू मला सांगायला हवं होतंस. माझी मुलगी तुझ्या गावात कॉलेजला आहे, भाची म्हणून तुझ्याकडे जेवायला येते, इथपर्यंत ठीक. पण ती तुझ्याकडे गाडी शिकते? ड्रायव्हिंग स्कूलवालीची मुलगी? अठरा वर्षांची झाली की पहिला धडा मी देणार, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. वाढदिवसाच्या दिवशी मी गाडी धुऊन, तिच्या उंचीची सीट लावून तयार ठेवली होती. ती बसली, पट्टा लावला, तिन्ही आरसे जुळवले आणि गाडी अशी अलगद काढली की माझा पाय माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर ठेवलेला तसाच राहिला.

“कोणी शिकवलं?”

“मामाने. वीस तास झाले माझे.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. आपल्या शाळेच्या कोपऱ्यावर डावीकडे वळताना तिने आरसा पाहिला, मग मान पार खांद्यावरून मागे वळवून पाहिलं, मगच वळली. पुढच्या कोपऱ्यावर तेच. तिसऱ्या कोपऱ्यावर मी म्हटलं, “कशाला एवढं मानेला ताण देतेस? आरसा आहे ना?”

तर म्हणाली, “आई, आरशात शेजारची सायकल दिसत नाही. मामाच्या यंत्रात दर वेळी तिथूनच येते ती. तू बघत नाहीस का?”

“मी कशाला बघू? मी चालवत नाहीये.”

“पण तू शिकवतेस.”

मी गाडी तिथेच थांबवायला लावली आणि चालत घरी आले. ती मागून हळूहळू गाडी चालवत आली, इंडिकेटर लावून. शेजारपाजारचे बघत होते. आल्यावर बाबा तिला म्हणतात, “अगदी मामाचा हात आहे!” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याकडे शिकली असती तर आईचा हात म्हणाले असते का? मी तिला विचारलं, “मामा छान शिकवतो का माझ्यापेक्षा?” ती हसली आणि म्हणाली, “मामा ओरडत नाही.”

तू माझ्याकडून एकेक गोष्ट घेत चाललायस. शिकाऊ घेतलेस, बाबा घेतलेस, आता हिला घेतोयस. सांगून तरी घे.

ताई


२ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी लिहिलंस ते एका ओळीत. ‘ताई, एकदा ये, सीट तुझ्या मापाची करून ठेवतो.’ ना राग, ना उपदेश. तुझी ही सवय मला लहानपणापासून डोक्यात जाते. भांडणात तू गप्प बसायचास आणि ओरडणारी म्हणून मार मला पडायचा.

मी येऊन गेले. परवा. ठकीने सांगितलं होतं की तू दोन दिवस बाहेरगावी आहेस, यंत्र बसवायला. मुद्दाम तोच दिवस धरला. तिचं स्वेटर राहिलं होतं, ते देण्याचं निमित्त.

मला वाटलं होतं चकाचक दुकान असेल. तुझी जागा म्हणजे एक जुनं गोदाम निघालं. भिंतीला पोपडे, एका कोपऱ्यात पेडलचे ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात पाच यंत्रं. सीटला शिवण मारलेली, चौकटीला अजून रंगही नाही. क्षणभर फार बरं वाटलं. म्हटलं, हे एवढंच? मग बघितलं तर पाचही यंत्रांवर माणसं आणि बाकावर आणखी आठ जण वाट बघतायत. एक आजोबा आपल्या नातसुनेला घेऊन आलेले. आपल्या क्लासबाहेरचा बाक मी मागच्या महिन्यात आत घेतला, वाळवी लागतेय म्हणून सांगितलं सगळ्यांना. खरं म्हणजे त्यावर कोणी बसत नाही.

नवीन माणसांना बसवायला एक बाई होत्या. पाठमोऱ्या. “या, नाव लिहा,” म्हणत वळल्या आणि मी दारातच थिजले. आपल्या त्या नर्सबाई. अपघात झाला त्या दिवशी माझ्या शेजारी स्टिअरिंगवर होत्या त्या.

त्यांनी मला ओळखलं. पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले. “मॅडम, तुम्ही! बसा, बसा. आधी पाणी घ्या.” त्यांनीच मला यंत्रावर बसवलं, मान कुठे वळते ते टिपणारी छोट्या कॅमेऱ्याची पट्टी डोक्याला बांधली. मी म्हटलं, मी फक्त बघायला आलेय. त्या म्हणाल्या, “सगळे असंच म्हणतात.”

पंधरा मिनिटं चालवलं मी. गिअर, क्लच, सिग्नल, सगळं व्यवस्थित. बसच्या पुढून माणूस धावत आला तिथे वेळेत थांबले. पाऊस आला, वेग कमी केला. मनात म्हटलं, बघ म्हणावं, बावीस वर्षं काही फुकट नाही गेली. मग कागद बाहेर आला. डावी वळणं बारा. त्यांपैकी डावीकडे मागे वळून पाहिलं दोन वेळा. सायकलस्वाराला धडक, दोन.

“दोन? मला तर एकही दिसला नाही.”

“तेच तर ना, मॅडम,” नर्सबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. “दिसत नाही म्हणूनच लागतो.”

दोन हजार माणसं, खटपट्या. माझ्या शेजारी बसून शिकलेली. मी जिथे बघत नाही तिथे त्यांना कोणी बघायला सांगितलं असेल?

नर्सबाईंनी मग चहा आणला आणि बोलत राहिल्या. त्या दिवसानंतर चार वर्षं त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. रात्रपाळी संपली की दोन बस बदलून घरी जायच्या, पण गाडी नको. झोपेत तो आवाज यायचा, सायकल पडल्याचा. मग तू त्यांना शोधून काढलंस. त्यांच्या दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलास.

“काय म्हणाला तो?” मी विचारलं.

“म्हणाले, बाई, त्यात तुमची काही चूक नव्हती. ताईच्या बाजूच्या ब्रेकची तार मी बसवली होती, ती नीट बसली नव्हती. चूक माझी. तुम्ही स्वतःला शिक्षा करू नका.” मग त्यांनी डोळे पुसले. “असं कोण येऊन सांगतं हो, मॅडम? तुमच्या भावाने मला माझं आयुष्य परत दिलं.”

मी चहा अर्धा ठेवला. बस आहे म्हणाले. बस दीड तासाने होती, मी स्टँडवर बसून राहिले.

आता लिहवत नाही. डोकं दुखतंय.

ताई


९ फेब्रुवारी

खटपट्या,

हे पत्र चार वेळा फाडलंय. आता जसं येईल तसं लिहिते, वाचून झाल्यावर तू काय करायचं ते कर.

ब्रेक चांगला होता.

त्या दिवशी सकाळी नर्सबाईंचा अकरावा धडा होता. मंडईच्या अलीकडे, डावं वळण यायच्या आधी, त्या म्हणाल्या, “मॅडम, एक विचारू? राग मानू नका. उद्यापासून मी तुमच्या भावाकडे शिकले तर चालेल का? मागच्या आठवड्यात तुम्ही आजारी होतात तेव्हा त्यांनी घेतलं होतं, मला त्यांचं जास्त समजलं.”

त्या महिन्यातली ती तिसरी होती असं विचारणारी. आधीच्या दोघांना मी काहीबाही सांगून थोपवलं होतं, तुला पत्ता लागू दिला नव्हता. मी वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. रस्त्याकडे नाही, आरशाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे. काय बोलले माहितीये? “तो नुसता मेकॅनिक आहे, त्याला शिकवता येत नाही.” तेवढ्यात त्यांनी वळण घेतलं होतं. डावीकडून टेलरकाका सायकलवर येत होते. माझी बाजू ती. माझी खिडकी, माझा आरसा, माझा ब्रेक. मी धडक बसल्यावर ब्रेक दाबला आणि तो जागच्या जागी लागला. इतका की माझं कपाळ काचेवर आपटलं.

सगळे जमले. पोलिसांनी विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे ब्रेक असतो ना? दाबला नाही?” आणि माझ्या तोंडातून निघालं, “दाबला. लागला नाही.” विचार करून खोटं बोलले असं नाही. पण नंतर तीन दिवस विचार करायला वेळ होता, आणि मी ते परत घेतलं नाही. आधल्या आठवड्यातच तू ती तार बदलली होतीस, सगळ्यांना माहीत होतं. पुढचं आपोआप जुळत गेलं.

तुला कळलं होतं. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. अंगणात गाडी उभी केल्यावर तू माझ्या बाजूच्या सीटवर जाऊन बसलास. पाय खाली गेल्याचं दिसलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग तू पायावर हात ठेवून बराच वेळ तसाच बसलास, आणि एकदा वर खिडकीकडे बघितलंस. मी पडदा ओढला.

मला वाटलं आता हा आत जाऊन सांगणार. तू आत आलास, बाबांनी तुझ्यासमोर ती तार उपटून अंगणात फेकली आणि म्हणाले, “माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही.” तू म्हणालास, “बरं.” एवढंच. तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेलास. शिकवताना चूक झाली हे सिद्ध झालं असतं तर माझा परवाना गेला असता, क्लास बंद पडला असता, हे तुला ठाऊक होतं. म्हणून गप्प बसलास ना? की नेहमीसारखा नुसताच गप्प बसलास? हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

आणखी एक सांगते, आता लपवून काय करायचं. तू गेलास त्या संध्याकाळी मला हलकं वाटलं होतं. रडले सगळ्यांदेखत, पण आतून हलकं वाटलं. म्हटलं, आता कोणी विचारणार नाही, भावाकडे गेले तर चालेल का.

आणि तू काय केलंस? जाऊन त्या सायकलचंच यंत्र बनवलंस. नर्सबाईंना सांगितलंस चूक माझी. त्यांची नव्हतीच रे. पण तुझीही नव्हती. गोदामात मला तुझा इतका हेवा वाटला, इतका, की चहा अर्धा टाकून उठले. यंत्राचा नाही, पेपरातल्या फोटोचाही नाही. जे खोटं तू बोललास त्याने एक बाई परत उभी राहिली, आणि जे मी बोलले त्याने काय झालं ते तू बघतोयसच. खोटंसुद्धा तुझं माझ्यापेक्षा चांगलं निघालं.

बाबांना सांगणार आहे. आधी टेलरकाकांकडे जाईन.

ताई


१२ फेब्रुवारी

खटपट्या,

टेलरकाकांकडे सोमवारीच गेले. दुकानात ते मशीनवर होते. त्या धडकेपासून डाव्या पायाने मशीनचं पायडल दाबता येत नाही म्हणून सगळं उजव्या पायावर. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर बोलले नसते. त्यांनी शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, मग चष्मा काढला.

“सहा वर्षं मी तुझ्या भावाला शिव्या घालतोय,” ते म्हणाले. “पोरगं दोनदा भेटायला आलं होतं. दारातून हाकलून दिलं मी.”

“माझ्यामुळे.”

“ते कळलं. आता तू जा. मला थोडं एकटं बसू दे.” मी पायऱ्या उतरत होते तेव्हा मागून म्हणाले, “त्याचा पत्ता ठेवून जा.” मी ठेवला.

परवाना ऑफिसात लेखी दिलं. उठून उभा राहणारा कारकून कागद वाचून खाली बसला. चौकशी होईल, तोवर मला शिकवता येणार नाही. गाडीवरचा ‘L’ मी स्वतः उतरवला.

राहिले बाबा. काल दुपारी ते फळ्यावर उद्याच्या वेळा लिहीत होते. मी म्हटलं, “बाबा, माझ्या वेळा लिहू नका,” आणि मग का, ते सगळं सांगितलं. फळ्याकडे तोंड करून ऐकत होते. पाठ दिसत होती फक्त. मी वाट बघत होते, आता वळतील, ओरडतील, तार फेकली तसं काहीतरी फेकतील. फेकायला हवं होतं.

“त्याला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“तरी बोलला नाही?”

“नाही.”

खडू खाली ठेवला. हात झटकले. “पहिली बस किती वाजता?”

“बाबा, मी सोडते ना तुम्हाला. गाडी चालवायला बंदी नाही मला, फक्त शिकवायला आहे.”

“नको.”

“तीन तासांचा प्रवास आहे. तुमचे गुडघे...”

“नको म्हटलं ना. बसने जाईन.” मग दारात थांबले. मला वाटलं आता तरी काहीतरी बोलतील, वाईट का होईना. म्हणाले, “त्याला दाढी केलेली आवडते की नाही, आठवतं का तुला? मी वाढलेल्या दाढीने गेलो तर चालेल ना?”

एवढंच रे. मला ओरडायलासुद्धा त्यांना वेळ नव्हता. त्यांना तुझी बस पकडायची होती.

आज पहाटे उठून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी डबा करून दिला तो घेतला, हेही काही कमी नाही. स्टँडपर्यंत मी दहा पावलं मागून चालत गेले, जवळ बोलावलं नाही आणि जा असंही म्हणाले नाहीत. खिडकीजवळ बसले. बस हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात वर केला नाही, पण पाहिलं.

आता साडेदहा वाजलेत. म्हणजे ते तुझ्या गल्लीत उतरले असतील, लोकांना पत्ता विचारत असतील, “माझा धाकटा इथे यंत्रं बनवतो” म्हणून. पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत हे सगळं होऊन जुनं झालेलं असेल. तू दार उघडलंस तेव्हा आधी कोण बोललं, ते काय म्हणाले, तू या वेळीही गप्पच राहिलास का, हे मला कधी कळणार नाही. तिथे मी नव्हते, आणि नसणंच बरोबर होतं.

तरी खरं सांगते, या घडीला रिकाम्या क्लासात बसून मला त्या दाराचाही हेवा वाटतोय.

माफ कर असं लिहिणार होते. पण पहिल्याच पत्रात मी तुला माफ करून बसले होते, त्यामुळे आता ते शब्द वापरायची लाज वाटते. तू सांगशील तेव्हा मी येईन. शिकवायला नाही. नर्सबाईंना म्हणावं, बाकावर बसून माझा नंबर येईपर्यंत थांबेन.

ताई